आभाळाकडं बघायचं न्हाई

त्या वर्षी बीडमध्ये दोनच धंद्यांना बरकत होती, पाण्याचे टँकर आणि शॉर्टफिल्म. टँकरवाल्यांकडे निदान टँकर तरी होते. फिल्मवाल्यांकडे साऱ्या शहरात मिळून एकच धड कॅमेरा होता, तो सुग्रीवचा, आणि तोही मुळात लग्नांसाठी घेतलेला. लग्नसराईत सुग्रीव नवरा-नवरीच्या मागे पळायचा. ती संपली की निवृत्त ड्रॉइंग मास्तर त्रिंबक गुरुजींपासून ते अशील नसलेल्या वकिलांपर्यंत उरलेलं बीड सुग्रीवच्या मागे पळायचं. जो तो दिग्दर्शक. सुभाष रोडवर चहा पिणाऱ्या कुणालाही काय चाललंय म्हणून विचारलं, तर स्क्रिप्टवर काम सुरू आहे असं उत्तर यायचं.

बरं, बीडमध्ये चार माणसं जमली की पाचव्याला चेअरमन केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. या मंडळींनीही सहकारी संस्था काढायला घेतली होती. सहकार खात्यातल्या कारकुनाने अर्ज खालीवर करून विचारलं, "उत्पादन काय तुमचं? लिटरमदी धरायचं का टनात?" गुरुजी म्हणाले, "मिनिटांत." त्याच्याकडे दुधाचा रकाना होता, उसाचा होता, मजुरांचा होता, पण मिनिटांचा नव्हता. त्यामुळे 'बीड हौशी चित्रपटकार सहकारी संस्था' ही कायमची नियोजित राहिली. सवय मात्र जाते कुठे? कॅमेरा डावीकडे लावायचा की उजवीकडे, हेही सूचक आणि अनुमोदक घेऊन ठरावानेच ठरायचं.

आता या घोळक्यात मन्मथ शेटे कसा शिरला ते सांगायला हवं. मन्मथअप्पा दूध संघात लेखनिक. दुष्काळाने म्हशी आटल्या, म्हशींमागोमाग संघ आटला आणि मन्मथअप्पाच्या टेबलावर फायलींऐवजी माश्या बसू लागल्या. रिकामं बसून पगार घ्यायची लाज वाटणारी माणसं जगात असतात. मन्मथअप्पा त्यांतला नव्हता, पण कंटाळा त्यालाही यायचा. म्हणून एका रविवारी सुग्रीवने नाट्यगृहात बीडच्या शॉर्टफिल्मचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा तो बायकोला, म्हणजे गंगासागरला, घेऊन गेला आणि पंख्याखालची जागा धरून बसला.

पहिल्या फिल्ममध्ये आधी भेगाळलेली जमीन आली, मग रिकामी घागर आली, मग एका म्हाताऱ्याने कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे पाहिलं आणि मागे सनई रडली. दुसऱ्या फिल्ममध्ये घागर आधी, जमीन नंतर. तिसरीत म्हाताऱ्याचा पहिला नंबर. चौथी-पाचवी संपेपर्यंत मन्मथअप्पाच्या ध्यानात आलं की म्हातारा सगळीकडे एकच आहे. तो सुग्रीवचा मामा होता. एरवी हा मामा बसस्टँडसमोर आमलेटचा गाडा लावायचा. त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, आणि चुकून पाऊस आलाच तर गाडा भिजतो म्हणून तो पावसालाच शिव्या घालायचा.

मन्मथअप्पाला राहवलं नाही. तो उठून उभा राहिला आणि अंधारात ओरडला, "का बे सुग्रीव, आपल्या जिल्ह्यात कुणी हसतच न्हाई का?"

उत्तर पहिल्या रांगेतून आलं. तिथे प्रमुख पाहुणा म्हणून बसप्पा बसला होता. बसप्पा गंगासागरचा धाकटा भाऊ, पुण्यात मालिकांच्या शूटिंगला असायचा. तिथे तो खुर्चीत बसतो की खुर्च्या उचलतो याबद्दल घरात दोन मतं होती. मागे वळून तो म्हणाला, "दाजी, पुण्याच्या महोत्सवात बीडची एक फिल्म घेत्यात. दुष्काळाची असली तर घेत्यात. बीडचं हसू कोण घेतंय?"

सगळं नाट्यगृह खदखदून हसलं.

"हे बघा! हसतंय का न्हाई बीड?" मन्मथअप्पा म्हणाला. पण मुद्दा जिंकूनही माणसाचा अपमान होऊ शकतो, आणि मेहुण्याने, तेही बायकोसमोर केलेला अपमान हा साधा नसतो. त्याच तिरमिरीत त्याने जाहीर करून टाकलं, "मी काढतो हसायची फिल्म. आन् माज्या फिल्ममदी एक बी माणूस आभाळाकडं बघणार न्हाई!"

घरी जाताना रिक्षात गंगासागर एवढंच म्हणाली, "तुमाला साधा मोबाईलवर फोटो जमत न्हाई. माज्या माहेरच्या फोटोत बसप्पाचं मुंडकं उडवलं हुतं तुमी." मन्मथअप्पाला तो फोटो आता जास्तच आवडू लागला.

फिल्म कशी काढायची हे ठाऊक नसलं तरी कुणावर काढायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लिंबागणेशच्या पुढे एक वाडी आहे, तिथली छबुबाई. बाई सत्तरीची, तोंडात मोजके दात, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याने पोट धरावं. संघात तिच्या दुधाला फॅट कमी लागली की ती थेट कचेरीत यायची आणि भांडायची. एकदा तर चेअरमन विठ्ठलरावांच्या केबिनसमोर उभी राहून म्हणाली होती, "फॅटचं मशीन ह्यान्ला लावा. एवढी फॅट लागंल की मशीन फुटंल!" त्या दिवशी सारा स्टाफ फायलीत तोंडं खुपसून हसत होता.

पण जगाला ही छबुबाई माहीतच नव्हती. जगाला दुसरी छबुबाई माहीत होती. मागच्या दुष्काळात पेपरचा एक फोटोवाला वाडीत आला होता. त्याच वेळी तिच्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं होतं, डोळ्यांना धार लागली होती आणि शेजारी योगायोगाने रिकामी घागर होती. झालं. तो फोटो इतका गाजला की निवडणुकीत विठ्ठलरावांनी त्याचा फ्लेक्स केला. डावीकडे स्वतः हात जोडून, उजवीकडे रडणारी छबुबाई, मधे मोठ्या अक्षरांत 'आपले अश्रू, आमची जबाबदारी'. निवडून आल्यावर जबाबदारी फाट्यावर फडफडत राहिली. शेवटी छबुबाईनेच तो फ्लेक्स उतरवून गोठ्यावर छप्पर म्हणून टाकला, छापील बाजू आत करून.

मन्मथअप्पा भेटायला गेला तेव्हा ती गोठ्यातच होती. वर बोट दाखवून म्हणाली, "खाली म्हैस आन् वरती मी रडतीय. बघू बघू म्हैस आटली की रं!"

त्याने फिल्मचं सांगितल्यावर मात्र तिने हातातली वैरण खाली ठेवली. मग म्हणाली, "अप्पा, कुठून कुठून लोक येत्यात आन् म्हणत्यात, आजी, रडा. माजं हसणं आजवर कुणी मागितलं न्हाई. उद्या मी मेले की नातवंडं तोच फोटो भिताडाला लावत्याल. एकदा मला हसताना दिसू दे. मंग मेले तरी चालंल." मन्मथअप्पाला मेहुण्याने केलेला अपमान तिथल्या तिथे बारीक वाटू लागला. आता ही फिल्म त्याला करावीच लागणार होती.

गोष्ट सरळ होती. छबुबाई संघाच्या वार्षिक सभेत फॅटचं मशीन घेऊन शिरते आणि चेअरमनची फॅट मोजते. पण चेअरमन कोण होणार? अख्ख्या जिल्ह्यात ही भूमिका करायला माणूस मिळेना. कुणाचं गृहकर्ज विठ्ठलरावांकडे अडकलेलं, कुणाच्या सुनेची अंगणवाडीची ऑर्डर व्हायची होती. शेवटी संस्थेने एकमताने, म्हणजे मन्मथअप्पाचं मत न विचारता, त्यालाच चेअरमन केलं. गंगासागरच्या हातची कशिदा काढलेली उशी त्याच्या पोटाला बांधायचं ठरलं. "उशी मळवू नगा," एवढी एकच अट तिने घातली.

शूटिंगला जायला संघाची वापराविना पडून असलेली पांढरी जीप ड्रायव्हरला गोड बोलून काढली, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. वाडीच्या अनुभवात पांढरी जीप, कॅमेरा आणि हातात कागद धरलेला पोक्त माणूस हे तीन एकत्र आले की त्याचा अर्थ एकच होता, दुष्काळ पाहणी पथक! गुरुजींच्या हातातली स्क्रिप्ट लांबूनच दिसली आणि वाडी कामाला लागली. कोंबड्या घरात गेल्या. नवी मोटारसायकल कडब्याखाली गेली. भरलेले हंडे माळ्यावर आणि रिकामे हातपंपाला. तो हातपंप कधीच मेला होता, तरी त्यासमोर बायकांची रांग लागली. पुरुष पारावर डोकं हातात धरून बसले. सरपंच सुंदरराव हार, नारळ आणि निवेदन घेऊन जीपला आडवे आले.

इथे मन्मथअप्पाने खुलासा करायचा की नाही? पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी गळ्यात हार घातला होता. त्यात वीस वर्षांची लेखनिकी अंगात मुरलेली. समोर निवेदन आलं की हात आपोआप पुढे होतो आणि तोंडातून आपोआप शब्द येतात. त्याने निवेदन घेतलं, वरवर चाळलं आणि म्हणाला, "ठीक हाय. वर कळवतो."

संपलं. त्यानंतर ही फिल्म आहे यावर वाडीतलं काळं कुत्रंही विश्वास ठेवेना. "फिल्मवाला कशाला म्हणंल वर कळवतो?" असा सुंदररावांचा बिनतोड सवाल होता. हसऱ्या गावाचं दृश्य घ्यायला जावं तर लोक करपलेली कपाशी घेऊन पुढे यायचे. गुरुजी म्हणायचे, "हसा," आणि समोरचा माणूस हुंदका द्यायचा. विमलबाई नावाची बाई तर सुग्रीवला परत परत विचारी, "अनुदान माज्या नावावर येईल का मालकाच्या?" छबुबाई कपाळ बडवून सांगत होती, पण तिचं कोण ऐकतंय? पथक आलं की ही रडायचं सोडून हसतेय, हिचं डोकं फिरलं, असं भावकीत ठरलं.

शेवटी मन्मथअप्पा चिडला. त्याने सगळ्यांदेखत पारावर चढून शर्ट काढला, पोटाला उशी बांधली, वर शर्ट चढवला आणि ढेरी पुढे, हात मागे असा चार पावलं चालला. वाडी क्षणभर बघत राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हे तं चेअरमन!" आणि हास्याचा असा स्फोट झाला की माळ्यावरचे हंडे वाजले. कितीही झालं तरी पाहणी पथकातला साहेब पोटाला उशी बांधत नाही. त्या एका चालीवर वाडीला फिल्म कळली.

तरी एक अडचण उरलीच. गुरुजींनी 'ॲक्शन' म्हटलं की साऱ्या वाडीच्या माना एकदम वर व्हायच्या. बोलता बोलता वर, हसता हसता वर. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यासमोर त्यांना तेवढंच करायला सांगितलेलं. मन्मथअप्पाने शाळेतला फळा आणून त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आभाळाकडं बघायचं न्हाई'. गुरुजी छडी घेऊन फळ्याशेजारी उभे राहिले. एकदा तर त्यांनीच नकळत वर पाहिलं आणि स्वतःच्या पोटरीवर छडी मारून घेतली. सभेच्या दृश्याला दुधाने भरलेले कॅन हवे होते, दूध तर सोडाच, पाणीही मिळेना. तेव्हा 'कॅन भरलेले आहेत असे मानण्यात यावे' असा ठराव झाला. संघाचा कारभार बरीच वर्षं याच ठरावावर चाललेला असल्याने मन्मथअप्पाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बातमी विठ्ठलरावांपर्यंत गेली नसती तरच नवल. मन्मथअप्पाच्या टेबलावर, माश्यांच्या मधोमध, नोटीस आली. 'आपण पोटास उशी बांधून मा. चेअरमन साहेबांप्रमाणे चालल्याचे निदर्शनास आले आहे. सबब खुलासा करावा, अन्यथा आपली बदली सिरसाळा शीतकरण केंद्रावर करण्यात येईल.' त्या केंद्रातली यंत्रं तीन वर्षांपूर्वीच कायमची थंड झाली होती. मन्मथअप्पाने सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला, 'उशी माझ्या पत्नीची आहे. चाल माझी आहे. त्यात मा. चेअरमन साहेब कोणास दिसले याचा शोध संघाने आपल्या स्तरावर घ्यावा.' गंगासागरने तो वाचला आणि म्हणाली, "बदली हुईल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पर लिवलंय झकास."

फिल्म जोडून झाली आणि बसप्पाचा फोन आला. सुग्रीवने त्याला ती पाठवली होती. "दाजी, लई भारी झालीय. महोत्सवात घेत्यात म्हणजे घेत्यात. फकस्त शेवटी एक शॉट टाका. म्हातारी आभाळाकडं बघती, डोळ्यांत पाणी. बास."

संस्थेची तातडीची सभा बसली. पुणं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. एकच तर शॉट! गुरुजी सूचक झाले, सुग्रीव अनुमोदक, आणि ठराव पास झाला. विरोधी मत एक, मन्मथ शेटे. सहकारात बहुमत म्हणजे बहुमत, म्हणून दुसऱ्या दिवशी तोही कॅमेऱ्यामागे वाडीला गेला.

छबुबाईने ऐकून घेतलं. आत जाऊन घागर आणली, ती आडवी ठेवली, सांगायची गरजच पडली नाही. तिच्याशेजारी उकिडवी बसली, पदर तोंडाशी धरला आणि शाळेतल्या पोरीसारखं बारीक आवाजात विचारलं, "बसले. रडू का आता?"

चेअरमनच्या केबिनसमोर गरजणारी बाई ती हीच. "न्हाई!" मन्मथअप्पा ओरडला. "झाकण लाव बे सुग्रीव कॅमेऱ्याला. आजी, उठा. घागर आत ठिवा ती."

"आरं पण ठराव..." गुरुजी म्हणाले.

"ठराव घाला चुलीत. पुण्याला आपण रडतानाच पायजे असलो, तं पुणं ठिवा तुमचं तुमाला. ही फिल्म इथंच दाखवायची, आपल्या माणसांना." संस्था नियोजितच असल्याने ठराव मोडल्याचा गुन्हा कुठे दाखल होण्यासारखा नव्हता. सुग्रीवने मुकाट्याने झाकण लावलं. त्यालाही मनातून बरं वाटलं असावं, कारण घागर त्यानेच उचलून आत नेली.

पण दाखवायची कुठे? नाट्यगृहाची तारीख मिळाली होती, ती अचानक पंख्यांच्या दुरुस्तीसाठी रद्द झाली. पंखे विठ्ठलरावांच्या शब्दावर बिघडत असत, हे बीडमध्ये सर्वांना माहीत होतं. संस्थेतल्या वकिलांनी स्थगिती आणायचा सल्ला दिला, मेडिकलवाल्याने पडद्यासाठी घरची चादर देऊ केली, तीही फुलाफुलांची. तेव्हा छबुबाई म्हणाली, "आरं, माज्या गोठ्यावर एवढा थोरला पांढरा पडदा हाय की! वरच्या अंगानं कोराच हाय तो."

दिवे लागायच्या वेळेला फ्लेक्स उतरवून दोन लिंबांच्या मधे बांधला. कोरी बाजू पाराकडे, छापील बाजू रस्त्याकडे. वाडीच काय, बीडवरून अख्खी फिल्मी जमात आली, आमलेटवाला मामाही आला. चौसाळ्याची दोन पोरं आपापल्या स्क्रिप्टी काखेत मारून आली होती. बसप्पासुद्धा पुण्याहून आला आणि मागे गुपचूप उभा राहिला, कारण खुर्च्या नव्हत्या.

फिल्म सुरू झाली आणि तेवढ्यात रस्त्यावर विठ्ठलरावांची गाडी थांबली. गर्दी दिसली की त्यांच्याने पुढे जाववत नाही. त्यांना रस्त्याकडून काय दिसलं? हात जोडलेले स्वतः, आणि मागून प्रकाशही सोडलेला! मनोमन सुखावून ते गर्दीला नमस्कार करत पडद्याला वळसा घालून पुढे आले आणि बघतात तो पडद्यावर छबुबाई ढेरीला मशीन लावून विचारत होती, "म्हशीपरीस जास्ती लागली की वं! तुमाला वैरण कुठली घालत्यात?" वाडी लोळत होती. मतदारांसमोर रागवायचीही सोय नव्हती. विठ्ठलराव हसले. दात विचकले असंही म्हणता येईल, पण अंधारात कोण बघतंय?

शेवटच्या दृश्यात छबुबाईचा चेहरा सगळा पडदा भरून आला. तोंड उघडं, मोजके दात, डोळे मिटलेले, आणि ती नुसती हसत होती. फ्लेक्सच्या पलीकडे त्याच जागी तीच बाई रडत होती, पण तिकडे आता कुणीच नव्हतं. पारावर बसलेली खरी छबुबाई टक लावून स्वतःकडे बघत राहिली. मग तीही हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

सवयीने सुग्रीवचा हात कॅमेऱ्याकडे गेला. छबुबाई कडाडली, "ठिव खाली ते! हे हसण्याचं पाणी हाय मुडद्या, तुमच्या दुष्काळाचं न्हाई!"

सुग्रीवने कॅमेरा खाली ठेवला. मन्मथअप्पाला स्वतःचे डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा त्याने बसायला आणलेल्या उशीचा कोपरा वापरला. गंगासागरने ते पाहिलं आणि उशीचा दुसरा कोपरा आपल्या डोळ्यांना लावला.

दुसऱ्याच दिवशी सिरसाळ्याची ऑर्डर हातात पडली. मन्मथअप्पाने ती घडी करून खिशात घातली आणि सुग्रीवला विचारलं, "सिरसाळ्याला बी माणसं हसत असत्यालच की बे. कॅमेरा कधी आणतो?" सुग्रीवचा मामा म्हणे आता आरशासमोर हसायचा सराव करतो. पुण्याहून फिल्मबद्दल काही कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

फ्लेक्स परत गोठ्यावर टाकायला मन्मथअप्पा स्वतः गेला होता. तो छापील बाजू आत करू लागला, तर छबुबाईने हात धरला.

"उलटा टाक अप्पा. ते रडकं तोंड वर कर."

"उन्हानं रंग उडंल आजी."

"उडू दे. आमी लई बघितलं आभाळाकडं. आता त्याला बघू दे म्हणावं आमच्याकडं."